दप्तर कोणाला वाचता यावे?

आम्ही शाळा थोडीच पाहिली. हजेरीपट वाचतच आमची अक्षरे पक्की झाली. म्हणून संगणकालाही आम्ही तेच विचारतो: अक्षराचा आकार, पडद्याचा रंग, ह्या आमच्या निवडी तू कोठे लिहून ठेवतोस?

विंडोजमध्ये पूर्वी साध्या ‘आयएनआय’ फायली असत. १९९५ च्या आवृत्तीपासून बहुतेक नोंदी ‘रजिस्ट्री’ ह्या एकाच मध्यवर्ती दप्तरात गेल्या. खास हत्यारावाचून ते वाचता येत नाही. लिनक्सवर सर्वांच्या नोंदी ‘ईटीसी’त, ज्याच्या त्याच्या स्वतःच्या फोल्डरात, आणि बहुधा साध्या अक्षरांत. तेथील केडीई हीच रीत पाळते; ग्नोमने मात्र ‘डीकॉन्फ’चे बंद दप्तर पत्करले.

एका दप्तराची सोय आम्ही नाकारीत नाही. शेकडो यंत्रांना एकच नियम लावणे त्याने सोपे जाते. सुट्या फायलींत प्रत्येकीची लिहिण्याची तऱ्हा निराळी. पण साधी फाईल कोणीही उघडावी, नक्कल करावी, चूक खोडावी. हजेरीपट कुलपात राहिला की खाडा कसा पडला हे कामगाराला कळत नाही.

ज्याची नोंद, त्याला ती वाचता यावी. सोय त्यानंतर!