डाळ शिजवणारं तळं

आज एका कोड्याने सुरुवात करू. चूल चांगली पेटली आहे, डाळ नवी आहे, तरी ती शिजत नाही. का बरं? आमच्या संग्रामपूरकडची मुलं लगेच सांगतील, पाणी विहिरीचं आहे!

पूर्णेच्या खोऱ्यातला हा आमचा खारपाणपट्टा. इथे जमिनीखालच्या पाण्यात क्षार फार. माझ्या लहानपणी अम्मी विहिरीचं पाणी धुण्याभांड्याला वापरायची आणि डाळीसाठी गावाबाहेरच्या तळ्यावरून घागर आणायची. तळ्यातलं पाणी पावसाचं. काळ्या चिकण मातीत ते लवकर मुरत नसे, म्हणून वरच्या वर गोडं राहायचं.

अशा जागेला पाणथळ म्हणतात. तळं, दलदल, खाडी ही सगळी तिची भावंडं. कुठे पाणी बारमाही, कुठे पावसाळ्यापुरतं. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून शेवाळ आणि पाणवनस्पती वाढतात. त्यांच्यावर किडे नि गोगलगायी जगतात, किड्यांवर मासे नि बेडूक, आणि त्यांच्यावर बगळे नि ढोकरी. लव्हाळ्याशी गढूळ पाणी थबकतं, गाळ खाली बसतो. मुसळधार पाऊस आला की तळं तो पोटात घेतं आणि गाव कोरडं राहतं.

आता आपल्याच जिल्ह्यात लोणारला चला. उल्का आदळून तिथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. त्यातलं सरोवर खारं, पण काठावर मात्र गोड्या पाण्याची धार पडते! जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं. खारेपणा वाढला की फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी लोणारला ‘रामसर स्थळ’ हा मान मिळाला. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळांसाठी करार झाला, त्यावरून हे नाव. तो दिवस जगभर पाणथळ दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रात हा मान सर्वांत आधी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला मिळाला होता.

गंमत बघा, गावतळं गोडं राहायला हवं आणि लोणार खारं! लोणारात सांडपाणी गेलं, तर खाऱ्या पाण्यावरच जगणारे जीव अडचणीत येतात. पाणथळ जपणं म्हणजे त्या पाण्याचा स्वभाव जपणं.

लोणारला अभयारण्याचं संरक्षण आहे. गावतळ्याला कोण? देशात पाणथळांसाठी २०१७ चे नियम आहेत, पण पिण्यासाठी किंवा शेतीसाठी माणसाने बांधलेली तळी त्यांतून वगळली आहेत. म्हणजे तिथला राखणदार गावच.

आणि मी चांगला राखणदार नव्हतो, मुलांनो. १९९५ साली आमचं जुनं मातीचं घर पाडलं, तेव्हा त्याचा मलबा मीच बैलगाडीने तळ्यात टाकला. एका गाडीने काय होतं, असं मला वाटलं. गावात प्रत्येकालाच तसं वाटलं. नळ आले होते, घागर कुणाला लागत नव्हती. काही वर्षांत तळं बुजलं. मग मोठा पाऊस झाला की पाणी थेट आमच्या गल्लीत. एका रात्री गुडघाभर पाण्यात उभी राहून अम्मी म्हणाली, “त्याचं घर आपण बुजवलं. आता ते आपल्या घरी आलं.”

तेव्हा या रविवारी एक वही घ्या आणि मोठ्या माणसाबरोबर आपल्या गावच्या पाणथळीवर जा. कोणते पक्षी, कोणती झाडं, पाणी कुठून येतं, ते लिहा. मार्चमध्ये पुन्हा जाऊन ताडून पाहा. आणि घरातलं कुणी मलब्याची गाडी तिकडे वळवताना दिसलं, तर न घाबरता विचारा, “पाऊस आल्यावर हे पाणी कुठे राहायला जाईल?”

मला हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.