पहिली नाव घेताना
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात बोलावयाचे म्हणजे शिक्षण, संघटना किंवा विवाहातील अनाठायी खर्च यांवर बोलावे, असा आपल्याकडे संकेत पडून गेला आहे. हे विषय मोठे आहेत आणि त्यांवर माझ्याहून अधिकारी वक्ते आज बोलले आहेत. कार्यकारी मंडळाने मला विषयाची मोकळीक दिली. तिचा लाभ घेऊन मी एका अगदी साध्या, परंतु सध्या आपल्या बऱ्याच घरांत चाललेल्या विचाराविषयी बोलणार आहे. मासेमारीसाठी आणि नदीत हिंडण्याफिरण्यासाठी पहिली नाव घ्यावयाची, आणि ऐपतीप्रमाणे ती दुसऱ्याने वापरलेलीच घ्यावयाची, तर ती कशी पारखावी, हा तो विचार होय.

भोई, आंबी, कोळी, नावाडी अशा नाना नावांनी ओळखला जाणारा आपला वर्ग कृष्णामाईच्या काठी वाढला. गावोगावी तर होती आणि तरीवर आपली माणसे होती. सांगलीस १९२९ साली आयर्विन पूल झाला, पुढे ठिकठिकाणी पूल होत गेले, आणि तर हळूहळू बंद पडली. पूल झाले हे चांगलेच झाले. बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यासाठी नावाड्याची वाट पाहण्याचे दिवस पुन्हा यावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तरीबरोबर नाव पारखण्याची दृष्टीही आपल्या घरांतून गेली. आज जो तरुण नोकरी सांभाळून नाव घेऊ पाहतो, त्याच्या आजोबांना तळावर नुसता हात फिरवून जे कळत असे, ते त्याला विकणाऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. आणि विकणारा काय सांगणार, हे मी निराळे सांगावयास नको.

यात घरची शिल्लक गुंतलेली असते हे खरेच. पण मी हा विषय घेतला तो केवळ पैशासाठी नव्हे. कृष्णाकाठी नाव ही कधीच एकट्या मालकाची राहत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही साली महापूर आले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. अशा वेळी गावात ज्याच्या दारी नाव आहे त्याच्याकडे सारे गाव धावते, आणि धावलेच पाहिजे. त्याच पुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, येरळा आणि कृष्णा यांच्या संगमाच्या गावी, पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली. नावेत तिच्या शक्तीबाहेर माणसे बसली होती. बायका, मुले, म्हातारी माणसे गेली. मी कोणास दोष देण्यासाठी ही आठवण काढीत नाही. रविवारी मासे धरण्यासाठी म्हणून घेतलेली नावसुद्धा एखाद्या दिवशी याच कामी लागणार आहे, एवढे मनात धरून ती घ्यावी, इतकेच मला सांगावयाचे आहे.

नाव पाहण्यास जाण्याआधी आपले पाणी कोणते ते ठरवावे. पुष्कळ जण आधी नाव घेतात आणि मग ती कोठे चालवावी याचा विचार करतात. आपल्या दोन जिल्ह्यांत पाण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापासून खाली बहे, भिलवडी, औदुंबर, सांगली, म्हैसाळ अशी जाणारी कृष्णा हा पहिला. ही नदी नकाशावर सलग दिसली तरी नावेला ती सलग नाही. कऱ्हाडच्या वरच्या बाजूस खोडशीचा जुना बंधारा आहे आणि खाली कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरल्यावर त्यांत बरगे घालतात आणि पाणी तुंबते. तेव्हा आपला जलविहार म्हणजे दोन बंधाऱ्यांमधल्या एका लांबट डोहातला विहार होय. बंधाऱ्याच्या वरच्या अंगास पाण्याची ओढ असते आणि खालच्या अंगास पडणारे पाणी वस्तूला गरगर फिरवून आतच धरून ठेवते. त्या दोन्ही जागांपासून चांगले दूर राहावे. उन्हाळ्यात पात्रात खडक आणि वाळूचे उंचवटे वर येतात. या पाण्याला तळ सपाट असलेली, थोड्या पाण्यात तरंगणारी, दोघांनी ओढून काठावर घेता येईल अशी हलकी नाव हवी.

दुसरे पाणी धरणांचे: धोम, कण्हेर, उरमोडी, वारणेवरील चांदोली, आणि सर्वांत मोठा कोयनेचा शिवसागर. बामणोली-तापोळ्याच्या बाजूस उभे राहिले म्हणजे त्या जलाशयाचा विस्तार डोळ्यांत मावत नाही. तेथे दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात, आणि सपाट तळाची नाव त्या लाटांवर आपटत राहते. तेथे पुढचा भाग उंच आणि तळ किंचित निमुळता असलेली, काठ उंच असलेली नाव बरी. पाणी उतरले की बुडालेल्या गावांचे चौथरे आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली लपून राहतात, हेही ध्यानात असावे. शिवसागराच्या पश्चिमेस वासोट्याकडील भाग कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून जाऊ नये आणि मासेमारीचा विचारही करू नये. इतर जलाशयांतही मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्या संस्थेत जाऊन विचारावे. नाव घेतल्यावर ‘गळ टाकू नका’ असे ऐकण्यापेक्षा ते आधी ऐकलेले बरे.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. प्रथम, काय घेऊ नये ते सांगतो. आपल्या सांगलीच्या शर्यतींच्या लांब, अरुंद होड्या कधीकधी स्वस्तात मिळतात. पावसाळ्यात त्या पाणी कापीत जाताना पाहून कोणाचेही मन मोहून जाईल, माझेही जाते. पण ती होडी तयारीच्या गड्यांनी एका तालात वल्ही मारण्यासाठी केलेली असते. तिच्यात उभे राहून जाळे फेकू गेल्यास जाळ्याआधी माणूस पाण्यात जाईल. गुऱ्हाळातील काहील नाव म्हणून वापरण्याची आपल्याकडे रीत आहे. ओढा ओलांडण्यापुरती ती चालते. पण तिला पुढे नाही आणि मागे नाही, वारा आला की ती जागच्या जागी फिरते. थर्माकोलचा तराफा आणि ट्रकची ट्यूब यांवर पुष्कळ गरीब बंधू पोट भरतात, त्यांच्या कौशल्याला माझा नमस्कार. परंतु ज्याला निवड करता येते त्याने ती निवड करू नये.

उरल्या तीन: लाकडी, पत्र्याची आणि फायबरची.

जुनी लाकडी नाव पाहताना घाई करून तिला नाकारू नये. कित्येक महिने उन्हात पडलेल्या नावेच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. अशी नाव पाण्यात घालताच भरू लागते. तिला दोन दिवस काठाशी पाण्यात बुडवून ठेवावी. लाकूड फुगून सांधे बसले आणि उपसल्यावर पाणी थांबले, तर नाव चांगली आहे. दोन दिवसांनंतरही झिरपत असेल तर सौदा सोडावा. तळाचा कणा, ज्याला कोकणात पठाण म्हणतात, आणि आतील आडव्या फासळ्या, म्हणजे वांक, यांत खिळा टोचून पाहावा. खिळा टणक लाकडाला अडतो आणि कुजलेल्यात सहज शिरतो. खिळ्यांच्या भोवती काळे डाग असतील तर तेथे लोखंड लाकडाला खात आहे असे समजावे.

पत्र्याच्या नावेचा दोष गंजात असतो आणि गंज रंगाखाली असतो. विक्रीच्या आदल्या आठवड्यात लावलेला चकचकीत नवा रंग पाहिला की माझे मन उलट साशंक होते. जोडाच्या रेषा, तळाचे कोपरे आणि बसण्याच्या फळीखालची, पाणी साचून राहणारी जागा येथे लहान हातोडीने हलकेच ठोकावे. जाड पत्रा खणखणीत वाजतो, गंजलेला बद्द वाजतो आणि कधीकधी हातोडीच आरपार जाते. विकणाऱ्याची हरकत असेल तर नमस्कार करून परत यावे.

फायबरची नाव आज सर्वांत अधिक मिळते. ती कुजत नाही असे सांगतात, ते अर्धेच खरे आहे. फायबरचे थर एकमेकांपासून सुटतात, आणि पुष्कळ नावांत मागच्या फळीच्या पोटात लाकूड असते. ते आतून कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन याच फळीवर टांगलेले असते. म्हणून इंजिन वर उचलून धरावे, ते हाताने खालीवर हलवावे आणि फळी वाकते काय, कोपऱ्यांत बारीक भेगा उघडतात काय, हे पाहावे. तळभर नाण्याने टकटक करीत जावे. आवाज जेथे एकदम मंद होतो तेथे थर सुटले आहेत किंवा पाणी मुरले आहे. दोन माणसांची नाव उचलावयास चार माणसे लागू लागली, तर तिच्या पोटात पाणी आहे. कोकणातून आणलेली नाव असेल तर ती समुद्राच्या लाटांसाठी केलेली, तळ खोल असलेली असते. शिवसागरात ती शोभेल. बहे-भिलवडीच्या उन्हाळ्यातील पाण्यात ती घासत जाईल.

कोणतीही नाव असो, ती उलटी करून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. आणि पाण्यात पाहावयाची ती रिकामी नव्हे; वाळूची पोती घालून, भरलेली पाहावी.

येथे मी त्या ब्रह्मनाळच्या गोष्टीकडे वळतो. या नावेत किती माणसे बसतात, असे विकणाऱ्यास विचारले तर ‘बसवाल तितकी’ हे उत्तर ठरलेले. अमेरिकेत वीस फुटांखालील इंजिनच्या नावांवर किती माणसे व किती वजन घ्यावयाचे, याची पट्टी कारखान्यातच लावावी लागते. हा नियम तेथे १९७० नंतरच्या दशकात आला. पट्टी नसेल तर तेथील नावाडी एक सोपे गणित करतात: नावेची फुटांतील लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. सोळा फूट लांब व पाच फूट रुंद नाव असेल तर गुणाकार ८० येतो, पंधराने भागून पाच माणसे, आणि त्यांत नावाडी धरला. बारा फूट लांब व चार फूट रुंद असेल तर तीनच. हा हिशेब शांत पाण्याचा आहे. वाहत्या पाण्यात, वाऱ्यात किंवा पुरात त्यातून आणखी एकदोन कमी करावेत. इतकी माणसे बसल्यावर काठ पाण्याच्या वर दीड वीत तरी राहिला पाहिजे, असे माझे मत आहे.

आलेला आकडा आतल्या बाजूस, बसणाऱ्यांना समोर दिसेल असा, मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. पुराच्या दिवशी काठावर शेजारची काकू लेकरू घेऊन उभी असते. तिला ‘तुम्ही पुढच्या खेपेस’ असे सांगणे नावाड्याच्या जिवावर येते. लिहिलेला आकडा असला की ते बोलणे थोडे सोपे होते, आणि गावही ते आधीपासून जाणून असते. मी तर म्हणेन, नाव आणल्यावर पूजेच्या दिवशीच चार शेजाऱ्यांना बोलावून तो आकडा सांगून टाकावा.

इंजिनाविषयी थोडक्यात. विकणाऱ्याने आधीच चालवून गरम करून ठेवलेले इंजिन पाहू नये. ते थंड असताना आपल्यासमोर सुरू करावयास लावावे. सुरू होताच बाजूने थंडाव्याच्या पाण्याची धार पडली पाहिजे. खालच्या पेटीतील तेल थोडे काढून पाहावे. दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. त्या बनावटीचे सुटे भाग सांगली-कोल्हापुरात मिळतात काय, हे दुरुस्ती करणाऱ्यास विचारावे, विकणाऱ्यास नव्हे. नावेपेक्षा इंजिनच महाग पडते असा अनुभव अनेकांना येतो. तेव्हा पहिले वर्ष वल्ह्यांवर काढले तरी काही बिघडत नाही. इंजिन असले तरी दोन वल्ही, लांब दोर आणि पाणी उपसण्याचा डबा नावेत असलाच पाहिजे. तरंगण्याचे जाकीट माणशी एक असावे, आणि ते फळीखाली कोंबलेले नव्हे, अंगावर, पट्टे आवळून. पोहता येते म्हणणाऱ्यानेही ते घालावे. पुराचे पाणी पट्टीच्या पोहणाऱ्याचीही भीड धरीत नाही.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळण्याजोगा नाही. अंतर्देशीय जलयानांविषयी २०२१ साली नवा कायदा झाला असून यांत्रिक नावेची तपासणी व नोंदणी आवश्यक आहे. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते. प्रवासी नेऊन पैसे मिळविण्याचा विचार असेल तर परवान्याशिवाय एकही खेप करू नये. नोंदणीचा दाखला आणि इंजिनावरील क्रमांक जुळवून पाहावा, पावती घ्यावी, नावेवर कर्ज आहे काय ते विचारावे. शासकीय अनुदानातून घेतलेली नाव असेल तर ती विकण्यास काही अट आहे काय, हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन पाहावे.

खरेदीस काळ कोणता, असे मला कित्येक जण विचारतात. चैत्र-वैशाखात नावा काठावर ओढलेल्या असतात, तळ उघडा असतो आणि पात्रातील खडकही दिसतात. पाहण्यास तोच काळ उत्तम. मृगाच्या तोंडावर घाईने घेतलेली नाव शिकण्याआधीच पुरात सापडते. शिवाय पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ. मरळ, वाम, कटला यांना त्या दिवसांत सुखाने राहू द्यावे, म्हणजे दिवाळीनंतर जाळ्यात काही तरी येईल.

आपल्यांत अजून तरीवर काम केलेली काही वृद्ध मंडळी आहेत. त्यांतील कित्येक आज समोर बसली आहेत. नाव पाहण्यास जाताना त्यांपैकी एकाला गाडीभाडे देऊन, जेवू घालून बरोबर न्यावे. येत्या चैत्रात जे कोणी नाव पाहण्यास निघणार असतील त्यांनी आज जेवणाच्या पंगतीआधी चिटणिसांकडे नाव नोंदवावे. सांगलीवाडी आणि भिलवडी येथील दोघा वडीलधाऱ्यांनी बरोबर येण्याचे मान्य केले आहे.