किरण नेमका कुठं थांबतो?

कॅन्सरच्या उपचाराला ‘शेक’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मागच्या वेळी त्यावर बोललो, तेव्हा एका ताईंनी विचारलं, “मशीन रोज सकाळी तपासतात म्हणे. रोज बिघडतं का?” प्रश्न चांगला होता, म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

आपल्या रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था आहे. तिथं 2023 च्या ऑगस्टपासून प्रोटॉन किरणांचे उपचार सुरू झाले. त्याआधी 2019 मध्ये चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयात ही सोय झाली होती. सरकारी संस्थेत मात्र ती पहिल्यांदा खारघरला आली.

नेहमीचे क्ष-किरण गाठीवर मारा करतात आणि शरीरातून पलीकडे निघून जातात. जाताना वाटेतल्या चांगल्या भागालाही थोडा चटका बसतो. प्रोटॉनचं तसं नाही. तो ठरलेल्या खोलीपर्यंत जातो, थांबता थांबता सगळ्यात जास्त मारा करतो आणि तिथंच संपतो. म्हणून लहान मुलांच्या मेंदूतली गाठ, कण्याजवळची किंवा डोळ्यामागची गाठ अशा नाजूक जागी त्याचा उपयोग होतो.

आता हा किरण किती खोल जाणार, हे त्याच्या ऊर्जेवर ठरतं. होडी धक्क्याला लावताना तांडेल काय करतो? वेग जास्त राहिला तर होडी आपटते, कमी पडला तर अलीकडेच चिखलात रुतते. इथंही तसंच. ऊर्जा मोजायचं माप आहे मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. 70 मापाचा किरण पाण्यात साधारण 4 सेंटिमीटर जातो, 150 मापाचा जवळपास 16 सेंटिमीटर. त्या 150 मध्ये शंभराला एक एवढी जरी चूक झाली, तरी किरण पावणेतीन मिलिमीटर पुढं किंवा मागं थांबतो. म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या रुंदीपेक्षा जास्त. पुढं गेला तर चांगल्या मज्जेला इजा, मागं राहिला तर गाठीचा कडेचा भाग तसाच शिल्लक. आणि चूक झाली हे पेशंटला त्या क्षणी कळतही नाही. काही दुखत नाही, काही दिसत नाही.

म्हणून तपासणी. बाजारात मासे तोलायच्या आधी काटा बरोबर आहे का, ते आपण ठरलेलं वजन ठेवून बघतो. तसंच सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी तिथले भौतिकतज्ज्ञ किरण मोजणीच्या यंत्रावर सोडतात. तो किती खोल गेला आणि मारा किती झाला, हे बघतात. खोलीतला फरक 1 मिलिमीटरच्या आत हवा, असा दंडक आहे. तो ओलांडला तर कारण सापडेपर्यंत उपचार थांबतात. शिवाय दर महिन्याला आणि वर्षाला याहून मोठी तपासणी असते. तेव्हा ताई, मशीन रोज बिघडतं म्हणून तपासत नाहीत. बिघडलं तर ते पेशंटच्या आधी आपल्याला कळावं, म्हणून तपासतात.

पण काटा बरोबर असूनही टोपलीच बदलली तर? आधी काढलेल्या सीटी स्कॅनवरून ऊर्जा ठरवलेली असते. उपचार कित्येक आठवडे चालतात. त्या काळात पेशंटचं वजन घटलं, चेहऱ्याचा मास्क सैल झाला, सर्दीनं नाकामागची पोकळी भरली, तर किरणाची वाटच बदलते. हे यंत्राला आपोआप कळेलच असं नाही. ते घरच्या बाईला आधी दिसतं. मुलाची चड्डी ढिली झाली, जेवण कमी झालं, तर न लाजता तिथल्या ताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. गरज वाटली तर ते पुन्हा स्कॅन करतात.

एक गोष्ट आणखी. प्रोटॉन सगळ्यांना लागत नाही. बऱ्याच कॅन्सरना नेहमीचे किरण चांगले लागू पडतात. “मोठं मशीन मिळालं नाही” म्हणून मन खट्टू करू नका आणि चालू उपचार सोडू नका. खर्चाचं कोडं पडलं तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी विचारा, दागिने गहाण टाकायचा विचार नंतर.

आणि कधी बाकावर बसवून सांगितलं, “थांबा, तपासणी चाललीय,” तर रागावू नका. ती तुमच्या लेकराचीच काळजी आहे.

येतो आम्ही. पुढच्या वेळी भेटू.