गुडघेदुखी आणि चालतें पाऊल

पन्नाशी उलटली, जिना चढतांना गुडघा कुरकुरूं लागला, कीं घरांतील वडील माणसाला बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘आतां चालणें कमी करा, गुडघे झिजले आहेत.’ हा सल्ला मायेचा असतो. शास्त्राला धरून मात्र नसतो.

गुडघ्याच्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आवरण असतें. या कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यांतील वंगणासारख्या द्रवावरच तिचें पोषण होतें, आणि गुडघ्यावर भार पडला व सुटला म्हणजे तो द्रव तींत खेळता राहतो. उलट, सतत विश्रांति घेणाऱ्याचा सांधा आंखडतो, मांडीचे स्नायु रोडावतात आणि सांध्याचा आधारच दुबळा होतो. दुखतें म्हणून हालचाल बंद, आणि हालचाल बंद म्हणून अधिक दुखणें, असें हें चक्र आहे.

तें मोडण्याचा उपाय घरांतच आहे. पाठीवर निजून एक पाय दुमडावा. दुसरा ताठ ठेवून वीतभर उचलावा, पांच अंक मोजावे व सावकाश खालीं आणावा. बेताच्या उंचीच्या खुर्चीवरून, जमल्यास हातांच्या आधाराशिवाय, उठावें व बसावें. प्रत्येक क्रिया दहा वेळां करून पुढें हळूहळू वाढवावी. व्यायामाच्या वेळीं थोडें दुखलें तर भिण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या दिवशींही ठणका राहिला, तर प्रमाण कमी करावें. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातांत धरावी. स्थूल व्यक्तीचें वजन एक किलो उतरलें, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो, असें २००५ सालच्या अमेरिकन संशोधनांत आढळलें.

२०२० सालीं अमेरिकेंतच १५६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. व्यायाम व हस्तोपचार घेणाऱ्यांची स्थिति, स्टेरॉइडचें इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षां वर्षअखेर सरस ठरली. विजेच्या यंत्रांचे उपचार देऊं नयेत, असें ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनें २०२२ सालीं सुचविलें. व्यायामाची शिफारस मात्र तिनें सर्वच रुग्णांसाठीं केली.

सांधा लाल होऊन तापला, अंगांत ताप भरला किंवा पायावर उभें राहवेना, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावें. एरव्हीं वडीलधाऱ्यांना ‘बसून राहा’ म्हणण्याऐवजीं त्यांच्यासमवेत चार पावलें चालावें. त्यांची खरी सेवा तीच होय.