वासराचं शेपूट

संमोहन म्हटलं की जादूगाराची रोखलेली नजर आठवते. पण मिल्टन एरिक्सन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अनेकदा नुसत्या गोष्टी सांगत.

जन्म १९०१ चा, बालपण विस्कॉन्सिनमधल्या शेतावर. एकदा कडाक्याच्या थंडीत वडील वासराला गोठ्यात ओढत होते. वासरू चारी पाय रोवून उभं! मिल्टन खो खो हसला. वडील म्हणाले, ‘‘मग तूच ने.’’ पोरानं शेपूट धरलं आणि गोठ्यापासून लांब ओढायला लागला. त्याच्यावर मात करण्याच्या हट्टापायी वासरानं त्यालाच फरफटत गोठ्यात नेलं.

सतराव्या वर्षी पोलिओ झाला. बोलता येई, डोळे हलत. बाकी शरीर निपचित. पडल्या पडल्या घरातल्यांना न्याहाळायचं, एवढाच उद्योग उरला. बहिणींच्या ‘नाही’मध्ये कधी ‘हो’ असायचा. एक दुसरीला सफरचंद देऊ करायची, पण हात आखडताच. कुटुंबोपचार नावाचं शास्त्र तेव्हा कुठे होतं? पण एरिक्सन यांचं शिक्षण, मला वाटतं, तिथेच सुरू झालं.

पुढे ते मानसशास्त्र शिकले, डॉक्टर झाले, १९४८ मध्ये फिनिक्सला आले. १९५७ मध्ये संमोहनोपचार करणाऱ्या डॉक्टरांची संस्था त्यांनी उभी केली. त्याच दशकात मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांच्या संशोधनगटातले जे हेली आणि जॉन वीकलंड त्यांच्याकडे येऊ लागले. आले संमोहन समजून घ्यायला. पण माणसं एकमेकांना कशी वागायला लावतात, हेच तिथे शिकायला मिळालं. हेलींनी १९७३ मध्ये ‘अनकॉमन थेरपी’ या पुस्तकात एरिक्सन यांची पद्धत मांडली, आणि कुटुंबोपचार करणाऱ्यांनी ती उचलली.

यात मला नवल वाटत नाही. घरातलं रोजचं बोलणं हेही एक संमोहनच. ‘‘तू अगदी बापावर गेलायस’’ हे रोज ऐकणाऱ्या पोराला आणखी कुणी भारायला हवं का?

एरिक्सन यांच्या पुष्कळ कथा त्यांनी स्वतःच सांगितलेल्या, तेव्हा थोडं तिखटमीठ गृहीत धरावं. खुर्च्यांची युक्ती मात्र मला फार आवडते. सगळं कुटुंब समोर असलं की ते एकेकाला बाहेर पाठवत, आणि उरलेल्यांना जागा बदलायला लावत. मुलगा बाहेर गेला की त्याच्या खुर्चीत आई. आता तिथे बसून तिनं मुलाच्या जागेवरून विचार करायचा!