ठाकुरमार झुली

ढाका जिल्ह्यात १८७७ साली जन्मलेले दक्षिणारंजन मित्र मजुमदार आत्याच्या जमीनदारीची देखभाल करीत मैमनसिंहकडील खेडोपाडी हिंडत. तेथील वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या कथा ते जमवू लागले. त्यांतूनच १९०७ साली ‘ठाकुरमार झुली’, म्हणजे आजीबाईची झोळी, प्रसिद्ध झाली. दिवस स्वदेशीचे होते. तोंडची गोष्ट छापली म्हणजे तिचा ताजेपणा सुकून जाईल, ही धास्ती प्रस्तावनाकार रवींद्रनाथांनाही होती, आणि ती अनाठायी नव्हती. परंतु दक्षिणारंजनांनी बोलण्यातील हेल आणि लय जपली; रवींद्रनाथांचे समाधान झाले. चित्रेही लेखकानेच काढली. त्यांतील लालकमल-नीलकमल बंगाली मुलांचे विशेष लाडके. हे सावत्र भाऊ. राक्षसीच्या पोटचा नीलकमल मानवी भावाच्या बाजूने राक्षसांशीच झुंजतो.