सवलत त्यांना आहे, आपल्याला नाही



चार वर्षांपूर्वी अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू लुळी पडली. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची लांब यादी होती आणि शेवटी एकच शब्द, फिजिओथेरपी. आम्ही एकही गोळी चुकवली नाही. फिजिओथेरपी मात्र तीन आठवड्यांत बंद केली. नातेवाईक म्हणाले, "आता आराम करू दे, अल्लाहची मर्जी." मीही मान डोलावली. मेंदूचा एक भाग निकामी झाला तरी उरलेला भाग सरावाने काही कामं पुन्हा शिकू शकतो आणि त्यासाठी पहिले काही महिने फार मोलाचे असतात, हे मला ठाऊक नव्हतं. ते महिने आम्ही आरामात घालवले.

पुढे मुंबईत हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत गेलो. १९५५ पासून ती चालू आहे. तिथल्या थेरपिस्टबाईंनी विचारलं, "चाचा, स्वतःच्या हाताने काय करावंसं वाटतं?" अब्बा म्हणाले, "वुजू. आणि जुम्याला मस्जिदीत जायचंय." मग सगळा सराव त्या दोन गोष्टींभोवती बांधला गेला. डाव्या हाताने नळ, कॅलिपर घालून दहा पावलं, मग वीस. सहा महिन्यांनी अब्बा काठी टेकत मस्जिदीच्या दारात पोचले.

तिथे सहा पायऱ्या. कठडा नाही.

मी टेप घेऊन मोजलं. एकूण उंची तीन फूट. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे छत्तीस फूट लांबी, मध्ये विसावा. वळण घेऊन अंगणात बसतो. कमिटीतले एक बुजुर्ग म्हणाले, "त्यांना घरी नमाज पढण्याची सवलत आहे ना, बेटा?"

आहे. पण ती सवलत अब्बांना आहे. दार अरुंद ठेवायची सवलत आपल्याला नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम अंध होते आणि पैगंबरांच्या (स.) मस्जिदीत अजान देत होते. सूरह अबसची सुरुवात कोणाच्या प्रसंगाशी जोडली जाते, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे.

कठडा लागला. वुजूची एक बैठक उंच झाली. रॅम्प अजून कागदावर आहे. मी दर महिन्याला विचारतो.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. घरात कोणी असं असेल तर थेरपी मध्येच सोडू नका. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. मोहल्ल्यात फॉर्म भरून द्यायला तुमचा मोबाइल पुरेसा आहे. आणि येत्या जुम्याला आपल्या मस्जिदीच्या पायऱ्या मोजा.

मोजल्यावर कमिटीला विचारा. नंतर पुन्हा विचारा.